टाकीचा नैवेद्य

माझं शिक्षण चौथी. तीसुद्धा पुरी नाही; परीक्षेच्या दिवशीच म्हैस व्याली. पण जॉबवर, म्हणजे मशीनवर कापून निघालेल्या भागावर, नख फिरवून फिनिश कसा आलाय ते मी डोळे मिटून सांगते. उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये हे गेली बेचाळीस वर्षं चाललंय. मालक, म्हणजे माझे यजमान, होते तेव्हा लेथवरून उतरवलेला जॉब आधी माझ्यापुढं धरायचे. "बघ गं, लागतंय का?" नखाला लागलं की जॉब परत लेथवर, नाही लागलं की गिऱ्हाइकाकडं. मालक गेले, लेथ भंगारात गेला, नख आहे.

आता शेड माझा लेक अमरसिंह बघतो. पंपाच्या बॉड्या करतो, बिडाच्या. बीड म्हणजे गरीब स्वभावाचा धातू. कापताना पाणीसुद्धा मागत नाही. कोरडं कापा, काळा भुगा टाकतं आणि गप पडतं. अमरसिंहाला तसलंच सगळं आवडतं, न बोलणारं. बायकोही त्यानं तशीच बघून केली.

पण पोरगी निघाली माझ्यावर. माझी नात राजनंदिनी. इंजिनिअर झाली आणि एक दिवस शेडमध्ये टायटॅनियम घेऊन आली. बेळगावच्या एका कंपनीला त्याचे विमानात बसवायचे कंस, म्हणजे ब्रॅकेट, हवे होते. मी तो ठोकळा हातात घेतला. राखाडी, रूप ना रंग, लोखंडाच्या निम्म्याला थोडं जास्त वजन. म्हटलं, "ह्यात काय एवढं मिरवायचं?"

"आक्का, ह्याचा स्वभाव वाईट हाय," राजनंदिनी म्हणाली. मला घरात, शेडमध्ये, गल्लीत सगळे आक्काच म्हणतात. "बीड कापताना ताप होतो तो बीड स्वतः पिऊन टाकतं. हे पीत न्हाई. सगळा ताप कटरच्या टोकावर जाऊन बसतो. टोक तापलं की हे त्यालाच चिकटतं, आणि मग जॉबचं तोंड ओरबाडून निघतं."

"म्हंजे तुझ्या बापागत. ताप ह्याला येणार आणि डोकं दुसऱ्याचं उठणार."

अमरसिंह तिथंच उभा होता. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं नाही असं दाखवण्यात तो पहिल्या नंबरानं पास आहे.

तर ह्या टायटॅनियमला पाणी लागतं. पाणी म्हणजे नुसतं नळाचं नव्हे. शंभर लिटरला आठ लिटर तेल घालून घुसळलेलं, दिसायला थेट पातळ ताक. त्याला कुलंट म्हणतात. शेडमध्ये नुकत्याच आलेल्या नव्या मशीनच्या पोटाखाली त्याची दीडशे लिटरची टाकी आहे. पंप ते उचलतो, धार बरोबर कटरच्या टोकावर मारतो, तेच पाणी गळून परत टाकीत येतं. महिनोन्‌महिने तेच. आणि धार तुटली नाही पाहिजे. डोळ्याचं पातं लवण्याएवढीही नाही. तापलेलं टोक, वर गार पाणी, परत ताप, परत गार, असं झालं की टोकाला केसाएवढ्या चिरा जातात. हे मला शिकवावं लागलं नाही. तापल्या परळावर गार पाण्याचा हबका मारून मी माझ्या सासूचे मातीचे दोन परळ तडकवलेत.

अमरसिंहाला हे टायटॅनियमचं खूळ पसंत नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीचं राजनंदिनीला बोलावणं आलेलं होतं, ते पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं होतं, पाणी प्यायला गेलं की दिसेल असं. एका रात्री जेवताना त्यानं तोडून टाकलं, "आठ नमुने करायचे. बेळगावचा माणूस महिन्यानं, गुरुवारी, येतोय तपासायला. तो पास म्हणला तर मशीन तुझं. न्हाई म्हणला तर मशीनवर पंपाच्या बॉड्या चढवणार, आणि तू पुण्याला."

"चालतंय," पोरगी म्हणाली. भाकरी मात्र अर्धीच खाल्ली.

नात घरात राहावी म्हणून डोळ्याला पदर लावणारी बाई मी नव्हे. मी आपलं जे करायचं ते केलं.

आमच्या मालकांची एक रीत होती. दर अमावस्येला लेथला हळदकुंकू, नारळ, आणि लेथच्या पाण्याच्या डब्यात गुळाचा एक खडा. "राबणाऱ्याचं तोंड आधी गोड करावं," म्हणायचे. पुढं नुसतं बीडच राहिलं, बिडाला पाणी नाही, पाणी नाही तर डबा नाही, आणि रीत बंद पडली. नव्या मशीनला टाकी आहे म्हटल्यावर मला कोण आनंद झाला! आलेल्या अमावस्येला कुणी यायच्या आत शेडमध्ये गेले, झाकण उचललं आणि लिंबाएवढा खडा सोडला.

पहिले दोन जॉब काचेसारखे निघाले. मी मनात म्हटलं, बघा.

तिसरा बिघडला. त्यात गुळाचा दोष नव्हता, पोरीचाच होता. कोपऱ्यात कटर क्षणभर थबकला आणि जागच्या जागी घासत राहिला. ह्या धातूला ते चालत नाही. कापत असाल तर कापा, नाहीतर बाजूला व्हा. तिला संध्याकाळपर्यंत उमगलं आणि तिनं ते सुधारलंही. पण मला ते कोण सांगणार? मला एवढंच दिसलं की खडा कमी पडला. एवढं मोठं धूड, त्याला लिंबाएवढा गूळ म्हणजे हत्तीला बडीशेप! दुसऱ्या दिवशी मी किलोची भेली नेली. पदराखाली धरून, फोडून, तुकडा तुकडा सोडली.

मग जॉब खरंच बिघडायला लागले.

जितके बिघडत गेले तितकं मी गोड करत गेले. तीन आठवड्यांत पाच भेल्या झाल्या. अमावस्येची वाट बघायला सवड कुणाला होती?

मधल्या काळात शेडमध्ये मुंग्या झाल्या. टाकीपासून दारापर्यंत सरळ रांग. मी जोतीरामला धरलं. जोतीराम आमचा जुना ऑपरेटर, मालकांच्या हाताखाली तयार झालेला, आता डोकं पांढरं झालंय.

"जोतीराम, मशीनपाशी चहा सांडतोस व्हय रं?"

"आक्का, मला शुगर हाय की. बिनसाखरेचा पितो."

"मग बिस्किटं खात असशील चोरून."

"बायकोची शप्पत, न्हाई!"

"बायकोची कशाला घालतोस? ती बिचारी काय करत्या? स्वतःची घाल."

बिचाऱ्यानं त्या दिवसापासून डबासुद्धा बाहेर फाटकापाशी बसून खाल्ला. मी ते बघितलं आणि तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मुंगी ही शुभ असते, एवढंच मनात आलं.

मग वास आला. आमच्याकडं सोमवारी सगळं उद्यमनगर बंद. मंगळवारी शेड उघडली की टाकीतून आंबलेल्या पिठाचा वास. राजनंदिनी नाक धरून वाकायची आणि तिच्या नळीनं पाणी तपासायची. ती नळी एवढीशी, दुर्बिणीसारखी. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडं धरून डोळा लावायचा, आत आकडा दिसतो. आठ आला की मिश्रण बरोबर.

"नऊ आला, आक्का! परवा तर आठच होता. उन्हानं पाणी उडून घट्ट होतंय वाटतं." आणि बादलीभर साधं पाणी ओतायची. आकडा आठवर यायचा. तिचा जीव भांड्यात पडायचा. चार दिवसांनी पहाटे माझी भेली पडायची. परत नऊ. परत बादली. आम्ही दोघी, आजी-नात, एकमेकींना न सांगता त्या टाकीचा संसार करत होतो.

तिनं कटर बदलले, फिरण्याचा वेग कमी केला, मुख्य म्हणजे झोप कमी केली. डोळ्याखाली काळं आलं. पुण्याच्या पत्राला फ्रिजवर धूळ बसत होती ती मीच पुसत होते. अक्षरं नीट दिसू नयेत म्हणून ओल्या फडक्यानं.

गुरुवार आला आणि पावणं आले. गुरुप्रसाद नाव, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं थेट बेळगावी. त्यांनी टेबलावर आठ जॉब मांडले आणि पेटीतून सुई फिरवायचं यंत्र काढलं. माझ्या नखाचंच काम ते करतं, फक्त खरखर किती ते आकड्यात सांगतं.

"पॉइंट आठच्या आत पाहिजे बघा," म्हणाले. पहिले दोन आत आले. तिसरा एक पॉइंट चार. मग एक पॉइंट नऊ. शेवटचा दोन पॉइंट तीन. त्यांनी सुई उचलून ठेवली. "काय ओ हे? पुढं पुढं जास्तच बिघडलंय की."

मी खुर्चीतून उठले, शेवटचा जॉब उचलला आणि नख फिरवलं.

"आजी, यंत्रानं बघितलंय ओ," गुरुप्रसाद म्हणाले.

"यंत्रानं किती ते सांगितलं. कुठं ते मी सांगतो. हितं गुळगुळीत हाय. हितं खरखर. परत गुळगुळीत. परत खरखर. टप्प्याटप्प्यानं हाय. धार तुटत्या मधी मधी. पाणी थांबतंय, परत येतंय."

आता सांगते, त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. चौथी नापास बाईनं बेळगावच्या साहेबापुढं रोग ओळखला! गुरुप्रसादनी मान हलवली, पोरीनं मशीन चालू केलं, आणि खरंच, धार दम लागलेल्या म्हाताऱ्यागत अडखळत होती. जोतीरामनं पंपाची जाळी उपसून काढली. तिच्यावर बोटभर बुळबुळीत साय.

"पाणी कुजलंय," गुरुप्रसाद म्हणाले. "आणि हाताला तेल लागतच न्हाई ओ. पातळ झालंय."

"असं कसं? आत्ता सकाळी आठ होतं," राजनंदिनीनं नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनीही डोळा लावला. आठ.

जोतीराम शेजारून वाकून बघत होता. "ही नळी व्हय? ही आमच्या गावात बी असत्या की. साखर कारखान्याची माणसं येत्यात, उसाचा रस काढून ह्यातनंच बघत्यात. गोडी मापायची नळी ती."

"तीच ती, काका," राजनंदिनी थकल्या आवाजात म्हणाली. "मूळची साखरेचीच. पाण्यात काय मिसळलंय त्यानं उजेड वाकतो, तेवढंच तिला कळतं. साखर काय नि तेल काय, तिला सारखंच. पण इथं साखर कुठनं येणार?"

खुर्ची माझ्या मागंच होती म्हणून बरं. मी बसले.

दीडशे लिटरला पाच किलो. चौथीत नापास असले तरी एवढं गणित येतं मला. नळी गोडी मोजत होती, पोरगी ती तेलाची समजून पाणी ओतत होती, आणि तेल बिचारं पातळ होत होतं. उरलेला गूळ कुजून जाळीवर साय धरत होता. मुंग्या शुभ नव्हत्या. मुंग्या खरं बोलत होत्या, शेडमधलं दुसरं कुणी बोलत नव्हतं.

अमरसिंह पुढं आला. "बास झालं, नंदे. बघितलं आपण करून. पावणं, तुम्ही जेवून जावा. उद्यापास्नं मशीन पंपाला लावतो मी." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

पोरीनं हातमोजे काढले, एकात एक घातले, घडी केली आणि मशीनवर ठेवले. परत घालायचे नाहीत अशी घडी होती ती.

मला गप बसता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं? टाकी रिकामी झाली असती, गूळ गटारात, पोरगी पुण्याला, आणि मी तशीच्या तशी, बेचाळीस वर्षं न चुकलेली आक्का. खोटं कशाला बोलू, दोन श्वास मी तसा विचारही केला. तिसऱ्याला ती घडी परत दिसली.

"अमर, थांब. गूळ मी घातलाय."

अमरसिंह माझ्याकडं वळला.

"कसला गूळ?"

"कसला म्हंजे? माझ्या माहेरचा. राधानगरीखालच्या गुऱ्हाळाचा, बिनपावडरीचा. पाच किलो." आता तोंड उघडलंच आहे तर मालाबद्दल तरी गैरसमज नको.

"टाकीत?" पोरीचा आवाज चिरकला. "आक्का, टाकीत गूळ?"

"तुझ्या आजोबांची रीत हाय ती."

"मालक रोज डबा ओतून टाकत होतं, आक्का!" जोतीराम पहिल्यांदाच माझ्यावर मोठ्यानं बोलला. "रोज सांजचं! आणि खडा घालायचं ते एवढूसा!" मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा फुलला. "म्हंजे मुंग्या माझ्या न्हवत्या!"

"न्हवत्या बाबा. जा, आत बसून खा उद्यापास्नं."

अमरसिंह छताकडं बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय की काय. हसत होता. लग्नानंतर तो असा हसलेला मी बघितलेला नव्हता.

राजनंदिनी मात्र हसत नव्हती. ती गुरुप्रसादांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, चार तास द्या. टाकी धुऊन, नवं मिश्रण करून, तुमच्यासमोर एक जॉब कापू दे."

त्यांनी घड्याळ बघितलं. "मला तीनला निघायचं होतं ओ."

इथं माझं काम होतं. "पावणं, सकाळपास्नं काय खाल्लंय?"

"गुरुवार आहे, आजी. उपास."

"मग शाबूची खिचडी आल्याबिगर तुम्ही फाटकाबाहेर पडत न्हाईसा. दाणं भाजायला वेळ लागतो आमच्यात. चार तास लागत्यात."

ते हसले आणि बसले. राजारामपुरीतल्या आमच्या घरातनं सुनेनं खिचडी, दही आणि रताळ्याचा कीस धाडला. खाताना त्यांनी मला हळूच विचारलं, "आजी, खिचडीत साखर किती घातलीय?" मी म्हटलं, "नळी आणा की बघायला."

तिकडं पोरीनं टाकी उपसली, तीन पाण्यांनी धुतली, जाळी घासली. तेल मापून घातलं, एकदा नव्हे दोनदा. मला टाकीपासून दहा फुटांवर बसवलं होतं. स्वतः अमरसिंहानं माझी खुर्ची उचलून मागं नेली.

मग मशीन सुरू झालं. धार पडली ती न तुटता, चरवीत दुधाची सोडल्यासारखी. कटरचा आवाज एका सुरात लागला. मी बघत नव्हते. मी मुंग्यांची रांग बघत होते, ती आता रिकाम्या वाटेनं परत निघाली होती. पोरगी दाराच्या काचेला नाक लावून उभी, आणि तिच्या मागं तिचा बाप, तसाच नाक पुढं काढून. दोघांचं नाक सारखंच आहे, माझ्या सासूचं.

जॉब उतरला. गुरुप्रसादनी हात पुढं केला. पण अमरसिंहानं तो त्यांना दिला नाही. पुसला, दहा फूट चालत आला आणि माझ्यापुढं धरला.

"बघ गं आक्का. लागतंय का?"

मी नख ठेवलं आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. परत नेलं. सगळे श्वास धरून होते, म्हणून तिसऱ्यांदाही नेलं.

"तुझ्या बापाला असला जमला नसता," मी म्हटलं.

सुईनं पॉइंट सहा सांगितलं. तिला उशिराच कळतं.

गुरुप्रसादनी जॉब पास केला आणि बाकीचे नमुने पुढच्या गुरुवारी मागितले. फक्त आधीचे सहा का बिघडले ह्याचा एक कागद भरून द्यावा लागणार होता. कारण, उपाय, सही. ते पेन घेऊन बसले आणि विचारात पडले.

"काय लिहू ओ? 'टाकीत बाह्य पदार्थ' असं लिहितो."

"बाह्य कसला?" मी म्हटलं. "घरचा हाय."

"आक्का!" तिघंही एकदम ओरडले.

लिहिलं त्यांनी बाह्यच. उपाय म्हणून लिहिलं, टाकीला कुलूप, किल्ली राजनंदिनीकडं. त्या कागदाखाली अमरसिंहानं सही केली, आणि घरी येऊन फ्रिजवरचं पुण्याचं पत्र काढून त्या जागी कागदाची नक्कल लावली. मुद्दाम. पाणी प्यायला गेलं की मला दिसेल अशी.

परवा अमावस्या होती. मी सवयीनं शेडमध्ये गेले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. टाकीला हे एवढं कुलूप. पदराच्या गाठीत लिंबाएवढा खडा होता, तो हातात घेऊन उभी राहिले. मागनं राजनंदिनी आली. हातमोजे घातलेले, तेलानं माखलेले. माझ्याकडं बघितलं, कुलपाकडं बघितलं, आणि तोंडाचा आ करून उभी राहिली.

"राबणाऱ्याचं तोंड हितं हाय, आक्का."

मी खडा तिच्या तोंडात घातला. गाल फुगवून चघळत बसली, लहानपणी बसायची तशी.

"गोड हाय?" मी विचारलं.

"लई."

"नळी लावून बघ की. न्हाईतर उगाच पाणी पिशील बादलीभर."